काकांच्या हातची फुली

माणसाला स्वतःची किळस यायला काहीतरी मोठं पाप करावं लागतं, अशी तिशीपर्यंत माझी समजूत होती. तसं काही नसतं. रविवारी सकाळी कुणाच्या तरी स्वयंपाकघरात, पुढ्यात पोह्यांची बशी घेऊन गप्प बसलं तरी पुरतं.

दोन हजार पाच साल होतं. मी आणि माझी बायको तेव्हा वेम्बलीच्याही पुढे, मेट्रोपोलिटन लाइनवरच्या एका उपनगरात राहत होतो. मी पुण्याहून सॉफ्टवेअरच्या कामावर आलेला, वर्क परमिटवाला. क्लायंट क्रॉयडनला, त्यामुळे रोज अख्खं लंडन ओलांडून जायचं आणि तसंच परत यायचं. घर भाड्याचं होतं आणि घरमालक होते काका. काका नात्याने माझे कुणीच नव्हते. त्या भागातल्या तमाम मराठी मंडळींचे ते काका होते. साठच्या दशकाच्या शेवटी इंजिनिअर म्हणून आले, इथेच निवृत्त झाले. एका घरात ते आणि काकू राहायचे आणि त्याच गल्लीतलं दुसरं त्यांनी आम्हाला दिलं होतं. इथे नव्या माणसाला घर देताना एजंट आधीच्या घरमालकाचं पत्र मागतो. नुकत्याच विमानातून उतरलेल्याने ते कुठून आणायचं? काकांनी काहीएक न मागता किल्ली हातावर ठेवली आणि काकूंनी त्या दिवशी वरणभात, तूप, लिंबाची फोड असं साग्रसंगीत जेवू घातलं. हे उपकार होते. आम्हाला ते मान्य होते आणि काकांच्या तर पक्के लक्षात होते.

मतदार यादीतही आमची नावं काकांनीच घातली. दर शरद ऋतूत कौन्सिलचा, म्हणजे इथल्या पालिकेचा, एक फॉर्म घरोघर येतो, या घरात कोण कोण राहतं ते लिहून द्या म्हणून. मी म्हटलं, "काका, आमचे पासपोर्ट भारताचे आहेत."

"अरे, कॉमनवेल्थ," काका म्हणाले. "राणीची कृपा. व्हिसावर असलास तरी मत देता येतं. आणि हा पोस्टल व्होटचा फॉर्म. इथे सही कर, तिचीही घे. कोण पावसात जाऊन उभं राहणार?"

माझ्या ऑफिसातले सगळे देशी मित्र यादीत नाव घालायचे ते मोबाइलचं कॉन्ट्रॅक्ट मिळावं म्हणून. यादीत नाव नसेल तर फोनवाले दारात उभं करत नाहीत. मीही त्यातलाच. सही करताना माझ्या डोक्यात मत वगैरे काही नव्हतं, नवा हँडसेट होता.

बायकोचं तसं नव्हतं. ती नागपूरची. तिथे दर निवडणुकीला ती ओळखपत्र घेऊन शाळेत जायची आणि दर वेळी यादीत तिचं नाव सापडायचं नाही. सत्ताविसाव्या वर्षी, सातासमुद्रापलीकडे, तिचं नाव पहिल्यांदा छापून आलं. कौन्सिलचं पत्र तिने फ्रिजवर लावून ठेवलं. मी तिची थट्टा केली.

कुणाला मत द्यायचं हेही तिचं ठरलेलं होतं, आणि त्यामागे तिची आई होती. सासूबाई निवृत्त शिक्षिका, एकट्या, वैधव्य आलेल्या. आदल्या दिवाळीला त्यांना महिनाभर इकडे बोलवायचं ठरलं होतं, तर व्हिसा नाकारला गेला. कारण असं की विधवा बाई, मागे कुणी नाही, परत जाईल कशावरून? हे वाक्य बायकोने फोनवर आईला वाचून दाखवलं नाही, पत्र हरवलं म्हणाली. मग जानेवारीत दिवस राहिल्याचं कळलं, आणि आई यायलाच हवी असं झालं. पहिलं बाळंतपण, तेही परमुलखात. आईने अळीव, डिंक आणून ठेवलेसुद्धा.

इथे खासदार आठवड्यातून एकदा लोकांना भेटायला बसतो. त्या बसण्याला सर्जरी म्हणतात. फेब्रुवारीत बायको एकटीच तिथे गेली. खासदार सत्ताधारी पक्षाचा, पोट सुटलेला, साधासा माणूस. तिला बोलता बोलता मळमळायला लागलं तेव्हा त्याने स्वतः उठून पाणी आणून दिलं. तिच्या आईचं नाव एकेक अक्षर विचारून लिहून घेतलं आणि म्हणाला, निवडणूक झाली की पुन्हा अर्ज करा, त्यासोबत माझं पत्र देतो. "त्याने आईचं नाव बरोबर उच्चारलं," हे ती मला तीन-चारदा तरी म्हणाली असेल.

आता काकांकडचे रविवार. दर रविवारी सकाळी काकांच्या स्वयंपाकघरात पाच-सहा जुनी मंडळी जमायची. सगळे चाळीस वर्षांपूर्वी आलेले, सगळ्यांची मुलं इथे जन्मलेली, शिकलेली. पोहे किंवा उपमा, चहा, आणि तोंडी लावायला परदेशी लोक. पोलंडहून आलेले प्लंबर, आश्रय मागायला आलेले, सोमालियाचे, कुठकुठले. "बसा भरभरून येतात," काका म्हणायचे. "आम्ही आलो तेव्हा लायकी बघून घ्यायचे." कुणी म्हणायचं, देश भरला. कुणी म्हणायचं, जीपीची, म्हणजे सरकारी डॉक्टरची, अपॉइंटमेंट मिळत नाही. मग हळूहळू गाडी आमच्यावर यायची. हे तुमचे आयटीवाले, एका घरात आठ-आठ जण, जिन्यात चपलांचा ढीग, ट्रेनमध्ये मोठमोठ्याने फोन. आमची इतक्या वर्षांची इज्जत घालवली यांनी.

मग काका माझ्याकडे बघून म्हणायचे, "तू नाही रे. तू आपला."

आणि मी हसायचो. आज ते आठवलं की शिसारी येते. काकांची येते, पण त्याहून जास्त त्या हसण्याची येते. याच काकांनी सत्तर साली दोन भाऊ आणि एक मेहुणा इकडे आणला, त्यांना याच घरात ठेवलं, हे ते स्वतःच अभिमानाने सांगायचे, त्याच बैठकीत, त्याच चहाबरोबर. कुणाला काही खटकायचं नाही. मला खटकायचं, पण मी साखर ढवळत बसायचो.

हे खूळ आपल्याच लोकांचं आहे असं वाटून मी एकदा ऑफिसात बोललो. माझ्या शेजारी कोलंबियाची एक बाई टेस्टिंगला होती, दहा वर्षांमागे आलेली, नुकतीच ब्रिटिश झालेली. तिला ऐकून जराही आश्चर्य वाटलं नाही. म्हणाली, माझी बहीण फ्लोरिडात आहे, ती आणि तिचा नवरा मेक्सिकोकडून चोरून नदी ओलांडून येणाऱ्यांविरुद्ध मत देतात, आणि मीसुद्धा इथे तेच करणार आहे. मी विचारलं, का? ती म्हणाली, "मी सगळे फॉर्म भरले, सगळ्या रांगा लावल्या. आता दुसऱ्यांना सोपं का असावं?" इतक्या सरळपणे म्हणाली. काका निदान देशाच्या भल्याचं नाव तरी घ्यायचे.

गुढीपाडव्याच्या कार्यक्रमाला काकांनी विरोधी पक्षाचा उमेदवार बोलावला. शाळेचा हॉल, लेझीम, मुलांची नाच-गाणी, श्रीखंड-पुरी. गोरा, उंच, चाळिशीचा माणूस. काकांनी त्याला शाल-श्रीफळ दिलं. नारळाचं काय करायचं ते त्याला कळेना, तो भाषणभर नारळ काखेत धरून उभा होता. तुमच्यासारखे कष्टाळू लोक या देशाची शान आहेत, म्हणाला. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. दोन दिवसांनी त्याचंच पत्रक आमच्या दारातून आत पडलं. व्हिसा कमी करू, तपासणी कडक करू, पाहुणे म्हणून येतात आणि जात नाहीत त्यांना आळा घालू. बायकोने पाहुण्यांची ओळ दोनदा वाचली आणि विचारलं, "शाल कुणी आणली होती?"

"ईलिंग रोडवरून काकूंनी," मी म्हटलं.

"चांगली होती," ती म्हणाली.

मतपत्रिका आल्या त्या आठवड्यात तिला उलट्यांनी हैराण केलं होतं. तेव्हा पोस्टाने मत द्यायचं तर मतपत्रिकेबरोबर एक कागद यायचा. त्यावर आपण सही करायची आणि साक्षीदारानेही करायची, की या माणसाने माझ्यासमोर सही केली. तिने सही करून टाकली, पण मतपत्रिकेवर उमेदवाराच्या नावापुढे मारायची ती फुली मारली नाही. "रविवारी आंघोळ करून, नीट बसून मारू दोघं," म्हणाली. तिला त्याचं काहीतरी करायचं होतं, सणासारखं. शनिवारी सकाळी तिच्या पोटात पाण्याचा घोट ठरेना, तेव्हा तिला हॉस्पिटलात दाखल करून सलाइन लावली. निघताना तिने मला बजावलं, "माझी फुली तू मार. कुणाला ते माहितेय ना?"

मी म्हटलं, माहितेय.

रविवारी नऊ वाजता काकांचा फोन. सगळ्यांचे लिफाफे एकत्र टाकतो, घेऊन ये, पोहे आहेत. मी गेलो. का गेलो? भाड्याच्या घराचा करार जूनमध्ये संपत होता म्हणून नव्हे, काका असले हिशेब करणारे नव्हते. काकांनी बोलावलं की जायचं, एवढंच. घरातल्या मोठ्याने कागद मागितला की द्यायचा, तो काय करतो ते विचारायचं नाही, हे आमच्या अंगात इतकं मुरलेलं की मत हा तसला कागद नव्हे हे हाताला कळलंच नाही.

टेबलावर आठ-दहा मतपत्रिका पसरलेल्या. काकांचा चष्मा नाकावर, हातात पेन. काकू, त्यांची मुलगी, जावई, एका मित्राची म्हातारी आई, सगळ्यांच्या फुल्या काका मारत होते, खाली सरळ पट्टी धरावी तशा नेटक्या. प्रत्येक फुली शालवाल्याला. काकू गॅसपाशी उभ्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "इथे आल्यापासून मी एकदासुद्धा स्वतः पेन धरलं नाही बघ." तक्रारीच्या सुरात नव्हत्या म्हणाल्या, गंमत म्हणून.

काकांनी माझ्या हातातून दोन्ही लिफाफे घेतले. माझ्या मतपत्रिकेवर फुली मारली. मग तिची उघडली.

"काका, तिचं तिला..." मी म्हटलं.

"अरे, ती आजारी. तिला कशाला त्रास?" काका न बघताच म्हणाले. "आणि हे बघ, हा निवडून आला की आपल्या माणसांचं काम होईल. तो बंद करणार ते बाकीच्यांना. आपल्यासारख्यांना नाही."

फुली पडली. मग त्यांनी साक्षीदाराच्या जागी सही केली, ठसठशीत, की या बाईने माझ्यासमोर सही केली आहे. ती बाई तेव्हा दोन मैलांवर हाताला सुई लावून पडली होती. मी उठून कागद ओढून घेऊ शकलो असतो. मोठं काही घडलं नसतं, काका जरा फुगले असते. मी पोहे खाल्ले. चांगले झाले होते, वर ओलं खोबरं होतं. काकूंनी दुसऱ्यांदा विचारलं तर दुसऱ्यांदाही घेतले.

दुपारी हॉस्पिटलात तिने डोळे उघडल्याबरोबर विचारलं, "टाकलंस?"

"टाकलं."

"नीट मारलीस ना फुली? बाहेर गेली तर बाद होतं म्हणे."

"नीट आहे," मी म्हटलं. ते खरंही होतं.

पोटाचा घेर असलेला खासदार पडला. थोडक्यात पडला, असं लोक म्हणाले. ती हळहळली, पण मला म्हणाली, "जाऊ दे, आपण आपलं केलं." मी मान डोलावली. जूनमध्ये सासूबाईंनी पुन्हा अर्ज केला, बरोबर कुणाचं पत्र नव्हतं. पुन्हा नकार आला, जवळजवळ त्याच शब्दांत.

काकांना कळलं तेव्हा ते मनापासून चिडले. हे मला सांगायलाच हवं, कारण काका दुष्ट नव्हते, आणि नेमका त्याचाच मला जास्त राग येतो. म्हणाले, आपला माणूस आहे ना आता, मी घेऊन जातो तुम्हाला. जुलैतल्या एका शनिवारी लायब्ररीच्या मागच्या खोलीत आम्ही तिघं नव्या खासदारासमोर बसलो. काकांनी सूट घातला होता. बायकोला सातवा लागला होता. तिने आपले कागद क्रमाने लावून आणले होते, तिने बोलायलाही सुरुवात केली, पण काकांना धीर नव्हता. आपलं काम व्हायचं असेल तर समोरच्याला आपण त्याचे कोण ते आधी सांगावं लागतं, असा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव.

"सर," ते इंग्रजीत म्हणाले, "हे दोघं तुमचे मतदार आहेत. यांची दोन्ही मतं तुम्हाला पडली आहेत. मी स्वतः माझ्या हाताने पोस्टात टाकली, साक्षीदार म्हणून सही माझी आहे."

बायकोने काकांकडे पाहिलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. मी समोरच्या टेबलावरच्या पेन-स्टँडकडे बघत होतो, तरी मला ते कळलं.

खासदार अवघडला. असं काही कानावर पडणं त्याला बरं वाटलं नसावं. मग म्हणाला, "धन्यवाद. मग आम्ही प्रचारात काय म्हणत होतो ते तुम्हाला ठाऊकच आहे. पाहुण्यांच्या व्हिसाची तपासणी कडक असावी असंच आमचं म्हणणं आहे. तुम्हीही त्यालाच पाठिंबा दिलात." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की आम्हाला तेच हवं होतं.

बायकोने कागद पुन्हा एकदा टेबलावर सारखे केले. "मी तुम्हाला मत दिलेलं नाही," ती म्हणाली. तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा नेहमीच स्वच्छ होतं. "मी दिलंच नाही. पण मी इथे राहते आणि मला पत्र हवं आहे."

तो म्हणाला, मत कुणालाही दिलेलं असलं तरी पत्र लिहिणं माझं काम आहे. आणि त्याने लिहिलं. दोन ओळींचं होतं, प्रकरणाकडे योग्य ते लक्ष द्यावं अशा अर्थाचं. त्याने आईचं नाव विचारलं नाही, अर्जावरून उतरवून घेतलं, आणि ते चुकलेलं निघालं. ऑगस्टमध्ये तिसरा नकार आला.

लायब्ररीबाहेर काका म्हणत होते, "तिने असं नको होतं बोलायला, होत आलेलं काम बिघडलं." तेव्हा मला त्यांची जी किळस आली ती आजतागायत गेलेली नाही. मी त्यांना म्हणालो, "बरोबर आहे काका." खरंच म्हणालो. बायको चार पावलं पुढे होती, तिने ते ऐकलं.

तिने भांडण केलं नाही. मला वाटत होतं करेल, मी उत्तरंही जुळवून ठेवली होती, काकांचे उपकार, तिचं आजारपण, एका मताने काय होतं, असली. तिने एकदाच विचारलं, "मला सांगितलं का नाहीस?" मी म्हटलं, तुला त्रास नको म्हणून. ती म्हणाली, "काकाही हेच म्हणाले असतील." त्यानंतर तो विषय तिने काढला नाही. आईला फोनवर फक्त एवढंच सांगितलं की इकडे व्हिसाचे नियम कडक झालेत.

सप्टेंबरात दिवस भरत आले तसं आम्ही हॉस्पिटलात शेवटच्या तपासणीला गेलो. सुईण बोलकी होती, आयरिश, तीही इथे बाहेरूनच आलेली. फॉर्म भरत भरत तिने सगळं विचारलं, जेवण काय, ॲलर्जी कसली, वेदना कमी करायला काय हवं. शेवटी विचारलं, बाळंतपणाच्या वेळी तुमच्याजवळ कोण असणार?

"माझी आई येणार होती," बायको म्हणाली. "आता कुणी नाही."

सुईणीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी बायकोच्या शेजारीच उभा होतो, तिचा कोट हातात धरून. मग सुईणीने त्या जागी एक आडवी रेघ मारली आणि पान उलटलं.